जात्याला दुसरा हात



गेल्या उपवासकाळातील एका रविवारची गोष्ट. उपासना संपली होती. मंडळी अंगणात बोलत उभी होती आणि आम्ही आत वेदीवरचे सामान आवरत होतो. एवढ्यात एक ताई आत आल्या आणि शेवटच्या बाकावर बसून राहिल्या. या ताई गेली एकोणीस वर्षे आपल्या जिल्ह्यातील गावागावांतून एकट्या बायकांसाठी काम करीत आहेत. ज्यांच्या नवऱ्यांनी कर्जापायी जीव दिला, ज्यांना सासरच्यांनी घराबाहेर काढले, ज्यांच्या नावावर घर नाही की सातबारा नाही, अशा बायकांचे अर्ज लिहिणे, त्यांना कचेरीत नेणे, रात्री-अपरात्री फोन आला तर धावून जाणे, हे त्यांचे काम. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहोत. नाव-गाव लिहीत नाही, आणि वाचकांनीही ते शोधत बसू नये, ही विनंती.

आम्ही विचारले, “काय ताई, बरे आहे ना?”

त्या म्हणाल्या, “फादर, मला आता काहीच वाटंना झालंय. परवा एक बाई माझ्यासमोर ढसाढसा रडत होती, अन् माझं ध्यान घड्याळाकडं होतं. मनात आलं, हिचं कधी आटपतंय. माझीच मला भीती वाटली.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “जातं दोघींनी ओढायचं असतं, फादर. एकटीनं किती दिवस ओढावं?”

आम्ही काय उत्तर दिले? आज लिहितानाही लाज वाटते. आम्ही म्हणालो, “ताई, तुम्ही तर आपल्या धर्मग्रामाचा कणा आहात. प्रार्थना करा, प्रभू बळ देईल.” आणि त्या उठून निघाल्या तेव्हा आम्ही त्यांना आठवण करून दिली, की पवित्र सप्ताहातील भगिनी मंडळाच्या कार्यक्रमाची जबाबदारी त्यांच्याकडेच आहे.

त्या “हो” म्हणाल्या आणि गेल्या. त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. ओझ्याखाली वाकलेली एक बाई आमच्याकडे आली होती. आम्ही तिच्या ताकदीचे कौतुक केले आणि तिच्या डोक्यावर आणखी एक गाठोडे ठेवले.

आजचा प्रश्न त्या रात्रीचा आहे. दुसऱ्यांच्या न्यायासाठी झटणारी स्त्री आतून विझत गेली, तर चूक कोणाची? तिचा विश्वास कमी पडला, की आणखी कोणाचे काही चुकले?

प्रथम या अवस्थेला नीट ओळखू या. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई थकते, रात्री झोपते आणि सकाळी पुन्हा ताजी होते. हा झाला शरीराचा थकवा. ताईंचा थकवा तसा नव्हता. झोपूनही तो जात नव्हता. इंग्रजीत याला ‘बर्नआउट’ म्हणतात, म्हणजे जळून संपणे. १९७४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी हा शब्द लेखात वापरला, तो कोणा आळशी माणसांसाठी नव्हे. गरिबांच्या मोफत दवाखान्यांत मनापासून राबणाऱ्यांची काही काळाने काय स्थिती होते, हे पाहून त्यांनी तो वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लॅक या विदुषींनी त्याची तीन लक्षणे सांगितली. माणूस आतून रिता होतो, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याविषयी मन कोरडे पडते, आणि आपल्या हातून काहीच घडत नाही असे वाटू लागते. ताईंचे घड्याळाकडे गेलेले लक्ष हे यांतील दुसरे लक्षण. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली. मात्र हा रोग नसून कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असे स्पष्ट केले. या वाक्याकडे आपण नीट पाहिले पाहिजे. कारण शोधायचे ते त्या बाईच्या स्वभावात नव्हे, तर कामाच्या मांडणीत.

आपल्यापैकी काहींना वाटेल, की फादर आळसाला नवे नाव देत आहेत. सात मुख्य पापांत आळस आहेच ना? आहे. पण संत थॉमस अक्विनास यांनी आळसाची जी व्याख्या केली ती ध्यानात घ्यावी. त्यांच्या मते आळस म्हणजे देवाच्या चांगुलपणाचीच माणसाला खंत वाटणे, ते चांगले आपल्याला नकोसे होणे. ताईंना चांगले नकोसे झाले नव्हते. उलट, आपल्याला दुसऱ्याचे दुःख जाणवेनासे झाले याचेच त्यांना दुःख होते. ज्याला आपल्या कोरडेपणाची भीती वाटते, त्याचा झरा अजून आटलेला नाही.

याच अक्विनासांनी दुःखावर कोणते उपाय सांगितले आहेत? सेमिनरीत हा भाग प्रथम वाचला तेव्हा आम्ही हसलो होतो. ते म्हणतात, रडावे, मित्रांची सहानुभूती घ्यावी, सत्याचे चिंतन करावे. आणि झोप घ्यावी व आंघोळ करावी! देवाच्या अस्तित्वाच्या पाच वाटा दाखवणारा एवढा मोठा तत्त्वज्ञ, तो झोप आणि आंघोळ सांगतो. आता वय चाळिशीच्या पुढे गेल्यावर कळते, की त्यात हसण्यासारखे काही नव्हते. माणूस म्हणजे देहात अडकलेला आत्मा नव्हे; देह आणि आत्मा मिळून एक माणूस. देह थकला की प्रार्थनाही थकते.

आता दुसरा प्रश्न. हे बायकांच्याच वाट्याला अधिक का यावे? समाजासाठी काम करणारे पुरुष थकत नाहीत काय? थकतात. परंतु पुरुष सभेहून घरी येतो तेव्हा बहुधा ताट वाढलेले असते. बाई सभेहून घरी येते तेव्हा चूल तिची वाट पाहत असते. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर एक सर्वेक्षण केले, माणसे दिवसाचा वेळ कसा घालवतात यावर. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास; आणि पुरुष ९७ मिनिटे. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ च निघाले. म्हणजे समाजकार्य करणारी बाई दोन पाळ्यांत काम करते आणि तिसरी पाळी समाजाला देते.

शिवाय न्यायाच्या कामाचे स्वरूपच वेगळे आहे. विहीर खणली तर पाणी दिसते. भाकरी केली तर टोपली भरते. पण एखाद्या विधवेचे प्रकरण ‘अपात्र’ ठरले की दोन वर्षांचे हेलपाटे एका शिक्क्याने पुसले जातात. सकाळी पुन्हा नवी विधवा दारात असते आणि तिला कालची निराशा दाखवायची नसते. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकायचे आणि आपले तोंड हसरे ठेवायचे, हे कामच आहे. पण त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

आपल्या गावातल्या आशाताईंकडेच पाहा. २००५ साली ही योजना सुरू झाली. ‘आशा’ या इंग्रजी आद्याक्षरांतले शेवटचे अक्षर ‘ॲक्टिव्हिस्ट’ या शब्दाचे आहे, म्हणजे कार्यकर्ती. तिला नोकर म्हटले नाही, कार्यकर्ती म्हटले. आणि मग नोकराला जे द्यावे लागते ते देण्याची गरज उरली नाही. कोरोनाच्या काळात त्या घरोघर हिंडल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांना आपल्या मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. अंगणवाडीच्या ताई ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्यांना जे मिळते त्याला आपण वेतन म्हणत नाही, ‘मानधन’ म्हणतो. शब्द किती चतुर आहे! मान पुढे आणि धन मागे. आणि मान दिला की पुष्कळदा धनाचे कोणी विचारत नाही.

येथेच आमच्या मनातील मुख्य मुद्दा येतो. कौतुक ही चांगली गोष्ट आहे. पण ओझे न उचलता केलेले कौतुक हा दुसऱ्याकडून फुकट काम करून घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. “ताई, तुमच्याशिवाय होणार नाही”, हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो. पण त्याचा अर्थ काय होतो? अर्थ असा, की आम्ही काही करणार नाही.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पत्र आम्हांला नेहमी आठवते. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली जोतीरावांसोबत पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यानंतर काय झाले, हे शाळेत फारसे शिकवत नाहीत. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी आपल्या माहेरी, नायगावला गेल्या. तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंचवीस. त्या वर्षीच्या १० ऑक्टोबरला त्यांनी तेथून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. तब्येतीत बरेच चढउतार होऊन आता आराम पडत आहे, असे त्या कळवतात. भावाने त्यांची पुष्कळ सेवा केली. पण हाच भाऊ त्यांच्या कामाला नावेही ठेवीत होता, आणि आजारातून उठणाऱ्या सावित्रीबाईंना त्याच्याशी वादही घालावा लागला. पुढे त्या लिहितात, की त्यांच्या गैरहजेरीत फातिमाला खूप त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. ही फातिमा म्हणजे त्यांची सहकारी शिक्षिका फातिमा शेख.

या पत्रातून आम्ही तीन गोष्टी शिकतो.

पहिली अशी, की सावित्रीबाईही थकल्या, आजारी पडल्या, आणि काम टाकून माहेरी गेल्या. ते करताना शाळा बंद पडली नाही आणि आकाश कोसळले नाही. त्यांनी ते लपवलेही नाही.

दुसरी अशी, की त्यांना विश्रांती मिळाली कारण तिकडे जात्याला दुसरा हात होता. फातिमाबाई नसत्या तर सावित्रीबाईंची विश्रांती ही केवळ सदिच्छा ठरली असती. जी विश्रांती त्यांनी पंचविसाव्या वर्षी घेतली, तिच्यानंतर त्यांनी आणखी चाळीस वर्षे काम केले. १८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात काम करताना दिसतात. १८९७ च्या प्लेगात एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. ते मरण आपण डोळ्यांत पाणी आणून आठवतो. पण १८५६ चे नायगाव नसते तर १८९७ चे पुणेही नसते.

तिसरी गोष्ट मात्र मनाला टोचणारी आहे. ‘ती कुरकुर करणार नाही.’ मग जी कुरकुर करीत नाही तिची विचारपूस कोणी करायची? फातिमाबाईंच्या पुढील आयुष्याची माहिती आपल्याला फारच थोडी मिळते. प्रत्येक संस्थेत, प्रत्येक बचत गटात, प्रत्येक चर्चमध्ये एक फातिमा असते. ती बोलत नाही म्हणून तिचे बरे चालले आहे, असे आपण धरून चालतो. सावित्रीबाईंनी निदान पत्रात तिचा त्रास लिहिला. आपण तेवढेही करीत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, “फादर, प्रभूने तर स्वतःचा क्रूस उचलून मागे यायला सांगितले आहे. त्याग हाच ख्रिस्ती जीवनाचा गाभा आहे. मग थकण्याचे एवढे कौतुक कशाला? शिवाय ताईंनी विश्रांती घेतली, तर त्या विधवेने काय करायचे? तिला तर उद्याच कचेरीत जायचे आहे.”

आक्षेपाचा पहिला भाग घेऊ. त्याग ही देणगी आहे. देणगी देणाऱ्याच्या हातात ती न देण्याचाही मोकळेपणा असावा लागतो. नाही म्हणण्याची सोय नसताना जे घेतले जाते त्याला आपल्या गावाकडे त्याग म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. त्या मुलाला उचलून आणायला सावित्रीबाईंना कोणी पाठवले नव्हते. ताईंना मात्र आम्ही पाठवीत होतो. आणि आपण न केलेल्या कामाला तिचा क्रूस असे नाव देत होतो. क्रूस ज्याचा त्याने उचलायचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली एक नियम मांडला: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच एक साध्य आहे. हा नियम आपण सावकाराला आणि कंत्राटदाराला सहज लावतो. पण चांगले ध्येयसुद्धा माणसाला साधन बनवू शकते. ज्या चळवळीत बाईच्या प्रतिष्ठेसाठी घोषणा होतात, त्याच चळवळीत कार्यकर्तीच्या पाठीला मणक्याचा आजार जडतो आणि कोणी विचारीत नाही, तेव्हा त्या घोषणा अर्ध्याच खऱ्या असतात. न्यायासाठी केलेले काम अन्यायाने चालवता येत नाही.

आता दुसरा भाग, जो अधिक कठीण आहे. त्या विधवेचे काय? तिचे काम थांबता कामा नये, हे अगदी खरे. पण मदतीवरचा तिचा हक्क कोणाकडून येणे आहे? आपण सोयीने धरून चालतो, की तो ताईंकडून येणे आहे. वास्तविक तो हक्क आपल्या सर्वांकडून येणे आहे. एका गावात शंभर जणांनी मिळून फेडायचे कर्ज एकीच्या नावावर टाकले, आणि ती फेडता फेडता कोसळली, तर कर्ज तिने बुडवले असे म्हणायचे काय? म्हणून ताईंचा थकवा हा तिच्या दुबळेपणाचा पुरावा नाही. आपण न उचललेल्या वाट्याचा तो हिशेब आहे.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. संदेष्टा एलिया राणी ईजबेलच्या भीतीने रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाचा एवढा मोठा माणूस! देवाने त्याला विश्वासावर प्रवचन दिले नाही. दूत आला, त्याने भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खायला घातले. पण एवढ्यावर ती कथा संपत नाही. पुढे होरेब डोंगरावर एलिया तक्रार करतो, की मी एकटाच उरलो आहे. तेव्हा देव त्याला सांगतो, की तू एकटा नाहीस, इस्राएलात माझे सात हजार उरले आहेत. आणि तुझ्या जागी काम करण्यासाठी अलीशाला अभिषेक कर. पाहा, झोप आणि भाकर हा पहिला उपाय; पण खरा उपाय होता जोडीदार.

शब्बाथाची आज्ञा आपण नेहमी ‘तू विश्रांती घे’ अशी ऐकतो. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती नीट वाचावी. तेथे घरधन्याला सांगितले आहे, की तुझ्या दासालाही आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. म्हणजे विश्रांती ही थकलेल्याने मागून घ्यायची गोष्ट नाही. ज्याच्या हाती काम वाटून देणे आहे त्याने ती द्यायची आहे. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ च्या आपल्या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीला उपकार म्हटले नाही, झिजलेल्या शक्तीच्या प्रमाणात द्यावयाचे देणे म्हटले. ही शिकवण आम्ही वर्गात मांडली आहे, परीक्षेत लिहिली आहे. आणि आमच्याच भगिनी मंडळाला ती लावायची राहून गेली.

आणि क्रूसाच्या वाटेचे पाचवे स्थान आपण विसरू नये. प्रत्यक्ष प्रभूचा क्रूसही काही वाट दुसऱ्याच्या खांद्यावरून गेला. कुरेनेकर शिमोन रानातून येत होता, असे मार्क सांगतो. आपल्यासारखाच कोणी शेताकडून घरी चाललेला माणूस. तो हौसेने पुढे आला नव्हता, त्याला शिपायांनी धरले होते. तरीही त्याचा खांदा लागला तो लागलाच. आपल्याला सेवेची आवड नसेल, वेळ नसेल, तरी हरकत नाही. शिमोनालाही आवड नव्हती.

असो. ताईंचे पुढे काय झाले ते सांगतो. पवित्र सप्ताहाचा कार्यक्रम आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला. “काढून घेतला” असे म्हणताना त्यांना प्रथम वाईट वाटले. आपले काही चुकले असे त्यांना वाटले. हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे ज्याला कामावरूनच किंमत मिळाली, त्याला विश्रांती ही शिक्षा वाटते. त्या सहा आठवडे बहिणीकडे सेलूला राहिल्या. इकडे त्यांचे काम तिघांनी वाटून घेतले. दोन भगिनी आणि एक निवृत्त गुरुजी.

एक दिवस आम्हीही गेलो. एका विधवा बाईचा निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन एका कचेरीत सकाळी साडेदहाला पोहोचलो. साहेब मीटिंगला होते. मग जेवणाची सुट्टी झाली. मग एक दाखला कमी निघाला. चार वाजता सोमवारी या असे सांगण्यात आले. ती बाई दिवसभर भिंतीला टेकून बसली होती. तिने एकदाही तक्रार केली नाही, आणि परत येताना आम्हांलाच म्हणाली, “फादर, तुमचा दिवस मोडला.” त्या संध्याकाळी आमचे डोके ठणकत होते आणि कोणाशी बोलावेसे वाटत नव्हते. आम्ही एक दिवस गेलो होतो. ताई एकोणीस वर्षे जातात.

ताई आता परत आल्या आहेत. पूर्वीसारख्या झाल्या आहेत, असे लिहिले तर ते खोटे होईल. त्या आता कमी गावे करतात. काही वेळा सरळ “नाही जमणार” म्हणतात. पहिल्यांदा त्यांनी आम्हांला “नाही” म्हटले तेव्हा क्षणभर राग आला, हे कबूल करतो. मग वाटले, याच “नाही”मुळे त्यांच्या “हो”ला किंमत आली आहे. मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, की एका बाईबरोबर त्यांना रडू आले. त्यांना बरे वाटले.

बंधू-भगिनींनो, आमची आपणांकडे थोडीच मागणी आहे. ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी महिन्यातून एक दिवस द्यावा. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांनी कोणा ताईला गावापर्यंत सोडावे. घरच्या पुरुषांनी, ज्या दिवशी बायको किंवा आई बैठकीला जाईल त्या दिवशी स्वयंपाक उरकून ठेवावा. भाकरी वाकडी झाली तरी चालेल. आणि आशाताई, अंगणवाडीच्या ताई, आपल्या सिस्टर, यांना कोणी भेटले तर “तुमच्याशिवाय होणार नाही” असे म्हणण्याऐवजी “यातले काय माझ्याकडे देता?” असे विचारावे. ज्या भगिनी आतून थकल्या आहेत त्यांनी हे पाप समजून कबुलीजबाबात सांगू नये. सांगायचेच तर आम्हांला अंगणात सांगावे. या वेळी आम्ही गाठोडे देणार नाही.

शेवटी आपल्याच जिल्ह्यातील एक आठवण. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरी राबणारी ही दासी. आपले वारकरी शेजारी तिची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जनी दळायला बसली, की तिचा विठ्ठल तिच्यासमोर येऊन बसतो आणि जात्याचा खुंटा धरतो. शेण्या वेचायला गेली, की तोही वेचू लागतो. आमची श्रद्धा वेगळी, उपासना वेगळी. पण या मातीतल्या बायकांनी देवाकडून काय अपेक्षा केली, ते या कथेत आम्हांला ऐकू येते. त्या देवाने जनीच्या भक्तीवर भाषण केले, असे कोणी सांगत नाही. त्याने समोर बसून खुंट्याला हात लावला, असे सांगतात.

ताईंनी त्या रविवारी आमच्याकडे तेवढेच मागितले होते. प्रभू आपल्याला तो हात पुढे करण्याची बुद्धी देवो.

आपले,
धर्मगुरू